आठव्या क्रमांकावरचा क्लब

2015-16 च्या आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचा, अंतिम तक्ता मी अजूनही मधूनच उघडून बघते. नऊ संघ. सगळ्यात वर बंगळुरू एफसी, त्याखाली मोहन बागान, मग ईस्ट बंगाल. तळाशी नवव्या क्रमांकावर पुण्याचा डीएसके शिवाजियन्स आणि त्याच्या एक पायरी वर, आठवा, मिझोरामच्या राजधानीचा ऐझॉल एफसी. अव्वल लीगमधला या दोन्ही संघांचा तो पहिलाच मोसम. दोघेही सोळा सामने खेळले, दोघांचीही दमछाक झाली. आणि मोसम संपल्यावर लीगमधून बाहेर काढला गेला तो आठवा संघ. नववा आत राहिला.

हे नियमाला धरूनच झालं होतं. डीएसके शिवाजियन्सही आधी सेकंड डिव्हिजन, म्हणजे आय-लीगच्या खालची लीग, खेळलेला क्लब, पण तो वर आला तो बोली लावून. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ त्या काळात नव्या शहरांसाठी थेट प्रवेश देत असे. गुंतवणुकीची हमी द्यायची, शुल्क भरायचं, आणि बदल्यात पहिली काही वर्षं रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यापासून, संरक्षण मिळायचं. ऐझॉल मात्र 2014-15 ची सेकंड डिव्हिजन जिंकून वर आला होता. त्याला असं कुठलंच संरक्षण नव्हतं. तळाच्या संघाला खाली ढकलता येत नव्हतं, म्हणून त्याच्या वरच्याला ढकललं.

मी मुंबईची. ऐझॉलशी माझा रक्ताचा, गावाचा, कसलाही संबंध नाही. तरीही भारतीय फुटबॉलमधली कुठली गोष्ट आयुष्यभर सोबत राहील असं कुणी विचारलं, तर मी या क्लबच्या पहिल्या मोसमाची सांगते. पुढच्या वर्षी हा क्लब देशाचा विजेता झाला, ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर भरपूर लिहून झालंय. मला त्याआधीचं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. पडण्याचं वर्ष.

त्यासाठी थोडं माझ्या घरचं सांगते. बाबा महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्यात होते. कंपनीचा फुटबॉल संघ होता, महिंद्रा युनायटेड, आणि तो साधासुधा नव्हता. 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची अव्वल लीग, त्यांनी जिंकली होती. लोकलने चर्चगेटला उतरून कूपरेजवर जायचं, लाकडी बाकांवर बसायचं, हे आमच्या घरात सणासारखं होतं. बाबा गोल झाल्यावर ओरडत नसत. फक्त माझा हात घट्ट धरत. तो संघ 2010 मध्ये बंद झाला. कंपनीने सांगितलं की आता शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार. हेतू वाईट नसेलही. पण मोसमभर ज्या संघाच्या मागे आम्ही फिरलो, तो एका निवेदनात संपला. तो हरून खाली गेला असता, तर निदान पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये तरी त्याला बघता आलं असतं. तो कुणाशी हरलाच नव्हता. बाबा त्यानंतर बरीच वर्षं मैदानावर आले नाहीत.

त्यामुळे एखादा क्लब नक्की कोणाचा असतो, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

ऐझॉल एफसी हा क्लब 1984 चा. पण बराच काळ तो मिझोराममधल्या अनेक क्लबांपैकी एक होता, त्यापलीकडे त्याला ओळख नव्हती. त्याला उभं केलं ते दोन गोष्टींनी. एक, रॉबर्ट रोमाविया रॉयटे नावाच्या स्थानिक उद्योजकाने 2012 च्या सुमारास क्लबची जबाबदारी घेतली. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्याच वर्षी मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. झोनेट नावाच्या तिथल्या केबल कंपनीने तिला पैसा दिला आणि सामने घराघरांत दाखवले. अख्ख्या राज्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे साधारण 11 लाख, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी. एवढ्याशा राज्यात स्वतःची टीव्हीवरची लीग, स्वतःचे चाहते, स्वतःचे नायक. गल्लीत खेळणाऱ्या पोराला समोरच्या घरातला दादा टीव्हीवर दिसायला लागला. याचं फळ फार लवकर आलं. 2014 मध्ये सिलिगुडीला मिझोरामने रेल्वेला 3-0 असं हरवून संतोष ट्रॉफी, राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, पहिल्यांदाच.

याआधी मिझो पोरांना फुटबॉलमध्ये मोठं व्हायचं तर राज्य सोडावं लागे. शायलो मालसॉमट्लुआंगा, ज्याला सगळे मामा म्हणत, तो कोलकात्याला गेला आणि ईस्ट बंगालचा लाडका झाला. जेजे लालपेखलुआ आपल्या पुण्याला आला. पुणे एफसीच्या जर्सीत त्याला बालेवाडीला खेळताना पाहिलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि त्याचं नाव काढलं की त्यांचा आवाज अजूनही मऊ होतो. ते पुणे एफसीही पुढे राहिलं नाही. त्याच्या पाठोपाठ पुण्यातच आलेलं भारत एफसी तर जेमतेम एक मोसम, 2014-15, खेळून मिटलं. महाराष्ट्रातल्या क्लबांची ही यादी लिहिताना हात जड होतो. पण ती लिहायलाच हवी, नाहीतर ऐझॉलचं वेगळेपण कळणार नाही.

तर जानेवारी 2016. ऐझॉलचा अव्वल लीगमधला पहिला सामना होता आदल्या मोसमाचा विजेता मोहन बागान याच्याशी, तोही त्यांच्याच घरी. याहून कठीण सुरुवात काढून देता आली नसती. ऐझॉल हरला. मग तो संघ सतत प्रवासात. नकाशावर बघा म्हणजे कळेल. लेंगपुईचा विमानतळ डोंगराच्या सपाट केलेल्या माथ्यावर, शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आणि रस्ता सगळा वळणांचा. तिथून बहुतेक वेळा कोलकाता किंवा गुवाहाटी गाठायची आणि मग पुढे मुंबई, पुणे, गोवा, बंगळुरू. पाहुण्या संघांनाही हेच उलट्या दिशेने करावं लागे हे खरं. पण त्यांना ते मोसमात एकदाच. ऐझॉलला दर परक्या सामन्याला.

बढती मिळालेल्या क्लबचं पहिलं वर्ष कुठेही असंच जातं. इंग्लंड असो, जर्मनी असो, नव्या संघाच्या चुका तेवढ्याच असतात, पण आता त्यांची किंमत वाढलेली असते. सेकंड डिव्हिजनमध्ये बचावपटू एकदा घसरला तर समोरचा फॉरवर्ड चेंडू बाहेर मारतो. वरच्या लीगमध्ये तो गोल करतो. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, पाय जड झाल्यावर, मोठ्या संघाच्या बाकावरून ताजा परदेशी खेळाडू उतरतो आणि नव्या संघाच्या बाकावर एकोणीस वर्षांचा मुलगा बसलेला असतो. ऐझॉलच्या त्या मोसमातले सामने मी शक्य तेवढे बघितले आणि मला हेच दिसत राहिलं. साठ-सत्तर मिनिटं बरोबरीचा, कधी कधी सरस खेळ, आणि मग एक भोक. ते बघताना त्रास व्हायचा, कारण चेंडू पायात असताना ही पोरं सुंदर खेळत. छोटे पास, वेगवान वळणं, अरुंद जागेतून निसटून जाणं. डोंगरातल्या शहरात मोठी मैदानं मिळत नाहीत. अरुंद जागेत खेळून खेळून पाय असे झाले असणार, असं मला आपलं वाटतं.

घरचं मैदान मुआलपुईचं, राजीव गांधी स्टेडियम. कृत्रिम गवत, चहूबाजूंनी डोंगर आणि डोंगरावर एकावर एक घरं. तिथे ऐझॉल वेगळाच संघ असायचा. टीव्हीवर सुद्धा गर्दीचा आवाज वेगळा ऐकू यायचा, बायका आणि लहान मुलं इतकी की आपल्याकडच्या कुठल्याच मैदानावर मी तेवढी बघितलेली नाहीत. आणि संघ हरत असतानाही ते मैदान भरलेलं असायचं. हे महत्त्वाचं आहे. जिंकणाऱ्या संघाला गर्दी कुठेही मिळते.

त्या मोसमात ऐझॉल कूपरेजवर मुंबई एफसीशी खेळायला आला तेव्हा मी गेले होते. आमचं कूपरेज तोवर बदललेलं, कृत्रिम गवत आलेलं, बसायची जागाही कमी झालेली. घरच्या पिवळ्या रंगातले आम्ही विखुरलेले. आणि एका कोपऱ्यात लाल कपड्यांतली मिझो मंडळी, संख्येने थोडीच पण एकमेकांना चिकटून बसलेली, गाणी म्हणणारी. मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्याच वयाची एक मुलगी भेटली. वाशीच्या मिझोराम हाउसमध्ये राहत होती. भाऊ टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेत होता, कॅन्सर. ऐझॉलमधल्या पुरुषांमध्ये कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वांत जास्त असलेल्या जागांपैकी आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तिने सांगितलं. भावाला येता आलं नव्हतं. ती त्याच्यासाठी मोबाईलवर सामन्याचे तुकडे रेकॉर्ड करत होती. मी तिला विचारलं, संघ खाली गेला तर? ती म्हणाली, गेला तर परत वर येऊ. तिच्या बोलण्यात कसलाही आव नव्हता. क्लब म्हणजे ती स्वतः, तिचा भाऊ, त्यांची वस्ती. ती कुठे जाणार होती?

मला बाबांची आठवण आली. आम्हाला 'परत वर येऊ' असं म्हणायची संधीच कुणी दिली नव्हती.

एप्रिलमध्ये लीग संपली आणि ऐझॉल खाली गेला. क्लबने दाद मागितली, आमच्या खाली एक संघ असताना आम्ही का, असं विचारलं. प्रश्न इतका साधा होता की त्याला उत्तर देणं कठीणच होतं. नियमाचा कागद पुढे आला. इथे मला थांबून एक बोलायचंय. नव्या शहरांत क्लब यावेत, पैसा यावा, यात गैर काही नाही. थेट आलेल्या संघाला सावरायला दोन-तीन वर्षं द्यावीत हेही मी समजू शकते. पण त्याची किंमत त्या वर्षी मैदानावर जिंकून वर आलेल्या संघाने का भरावी? वाचवायचंच होतं तर कुणालाही खाली न पाठवण्याचा पर्याय होता. लीगमध्ये नऊच संघ होते. दहा झाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?

लीगपाठोपाठ फेडरेशन कप ही बाद पद्धतीची स्पर्धा होती. खाली गेल्याचं कळलेला संघ अशा वेळी काय करतो? बहुतेक ठिकाणी खेळाडूंचे एजंट फोन करायला लागलेले असतात, निम्मा संघ मनाने दुसरीकडे पोचलेला असतो. जहर दास यांच्या हाताखाली ऐझॉलने उपान्त्यपूर्व फेरीत त्या वर्षीच्या लीगविजेत्या बंगळुरूला घरी पाठवलं. उपान्त्य फेरीत गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबला हरवलं. आणि 21 मे 2016 ला गुवाहाटीत ते अंतिम सामना खेळत होते, समोर पुन्हा मोहन बागान. पहिल्या मोसमाची सुरुवात ज्यांच्यासमोर झाली, शेवटही त्यांच्यासमोर. निकाल 5-0. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता, मग धरण फुटल्यासारखे गोल झाले. त्यात जेजेचेही होते. आपल्याच राज्यातल्या क्लबविरुद्ध.

तो सामना मी घरी एकटीने बघितला. पाच गोल खाऊनही मला ऐझॉलबद्दल वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. माझा संघ नसताना का वाटावा, याचा त्या रात्री मी बराच विचार केला. मला वाटतं, खाली जाण्याचा निकाल त्यांनी स्वतःबद्दलचा निकाल मानला नाही, हे मला भावलं होतं.

आणि मग गोव्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजत नाही, आणि गोव्यातल्या माझ्या मित्रांना ती अजून दुखते.

आय-लीग 2007-08 ला या नावाने सुरू झाली. तिची पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याला गेली. डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, पुन्हा डेम्पो, साळगावकर, पुन्हा डेम्पो, पुन्हा चर्चिल. इतक्या छोट्या राज्याने सलग सहा वर्षं देशाच्या फुटबॉलवर राज्य केलं. 2016 च्या उन्हाळ्यात महासंघाने भविष्याचा आराखडा मांडला. त्यात इंडियन सुपर लीग ही पहिली लीग होणार होती आणि आय-लीगचे क्लब तिच्याखाली जाणार होते. आय-लीग जिंकून तिथे चढायला जिना ठेवलेला नव्हता. डेम्पो नुकताच सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आला होता. त्याने, साळगावकरने आणि स्पोर्टिंगने निर्णय घेतला की अशा लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. तिघे बाहेर पडले.

जागा रिकाम्या झाल्या. नव्या मोसमाआधी ऐझॉलला परत बोलावलं गेलं.

यावर लोक 'नशीब' म्हणतात. मला तो शब्द पुरत नाही. ऐझॉलला जी जागा मिळाली ती मुळात त्यांचीच होती. ती अन्यायाने गेली आणि दुसऱ्या एका अन्यायामुळे परत मिळाली. गोव्याच्या क्लबांनी ज्या कारणासाठी दार लावून घेतलं, तेच कारण ऐझॉललाही पुढे भोगावं लागणार होतं. एका जुन्या फुटबॉलवेड्या राज्यातले क्लब बाहेर गेले आणि एका नव्या राज्यातला क्लब आत आला, आणि दोघांचं भांडण एकाच गोष्टीशी होतं.

त्याच सुमारास मुंबईत आणखी एक घडामोड झाली. खालिद जमील आणि मुंबई एफसी वेगळे झाले. सुमारे सात वर्षं ते मुंबईचे प्रशिक्षक होते. त्याआधी ते महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, बाबांच्या आवडत्या खेळाडूंपैकी. मुंबई एफसीचं बजेट कधीच मोठं नव्हतं. जवळजवळ दर वर्षी जानेवारीत जाणकार मंडळी सांगायची की या वेळी मुंबई खाली जाणार, आणि दर वर्षी जमील तिला वर ठेवत. कुणी त्याला सुंदर फुटबॉल म्हटलं नाही. बचाव घट्ट, मधली फळी मेहनती, कॉर्नर आणि फ्री-किकवर भरपूर काम. परक्या मैदानावर एक गुण मिळाला तर तो खिशात घालून परत यायचं. आम्ही प्रेक्षक कधी कंटाळायचोही. पण तळाजवळच्या संघाला तग कसा धरायचा याचं देशातलं सर्वांत खोल ज्ञान त्या माणसाकडे होतं.

तो माणूस ऐझॉलला गेला. सोबत मुंबईचे काही जण गेले, जयेश राणे, आशुतोष मेहता. गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलरक्षक म्हणून आला. सीरियाचा महमूद अल आमना मधल्या फळीत, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन त्याच्या मागे, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. आणि बाकी ती सगळी पोरं, लालरुआतथारा, लालरामचुलोवा, झोमिंगलियाना राल्ते, ब्रँडन, जी पहिल्या मोसमाच्या किंवा मिझोराम प्रीमियर लीगच्या भट्टीतून निघाली होती. क्लबचं वर्षाचं बजेट दोन कोटींच्या आसपास असल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. मोठ्या क्लबांत एखाद-दुसऱ्या परदेशी खेळाडूवर एवढा खर्च होत असे.

पहिल्या मोसमातलं ते शेवटच्या पंधरा मिनिटांतलं भोक बुजलं. माझ्या मते ऐझॉलच्या विजेतेपदाचं मर्म यातच आहे. संघाला चेंडू खेळवता आधीपासून येत होता. जमीलनी त्यांना सामना संपवायला शिकवलं. एक गोलची आघाडी घेऊन वीस मिनिटं शांतपणे काढणं ही कला आहे आणि ती टंचाईत वाढलेल्या प्रशिक्षकालाच येते. मुंबईने सात वर्षं ज्या गोष्टीवर तग धरला, तीच गोष्ट ऐझॉलच्या पोरांच्या पायातल्या गोडव्याला जोडली गेली.

22 एप्रिल 2017, मुआलपुई. पुन्हा मोहन बागान. त्र्याऐंशीव्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेने डोक्याने गोल केला, 1-0. आठवडाभराने 30 एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग क्लबविरुद्ध शेवटचा सामना, विजेतेपदाला एक गुण पुरेसा होता. तो रविवार होता. मिझोराममध्ये रविवार चर्चचा, दुकानं बंद, मैदानं रिकामी, तिथली लीगही त्या दिवशी खेळत नाही. घाटाच्या रस्त्याने सिल्चरवरून चाहते शिलाँगला पोचले होते. डिपांडाने नवव्या मिनिटाला लाजाँगला पुढे नेलं. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकायच्या वाटेवर. तासाभराचा खेळ होऊन गेला तरी ऐझॉल मागे. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. 1-1. ऐझॉल 37, मोहन बागान 36.

त्या दिवशी मी बाबांना फोन केला. ते सामना बघत होते. मी नुसतं 'बाबा' म्हटलं आणि दोघांनाही पुढे बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'भारताचं लेस्टर' असं छापून आलं. वर्षभरापूर्वीच लेस्टर सिटी इंग्लंडचा विजेता झाला होता, त्यामुळे ते सुचणं साहजिक होतं. मला मात्र ती तुलना तोकडी वाटते. लेस्टरचे मालक थायलंडचे अब्जाधीश होते, आणि तिथे आदल्या वर्षी लेस्टर तळाला होता तरी अखेरीस स्वतःच्या जोरावर वाचला, कारण वाचायचा आणि बुडायचा नियम सगळ्यांना सारखा होता. ऐझॉलला तीसुद्धा समानता मिळाली नव्हती. तुलनाच करायची तर मी कायझर्सलाउटर्नचं नाव घेईन. तो क्लब 1996 मध्ये बुंडेसलिगातून खाली गेला, 1997 ला वर आला आणि 1998 ला विजेता झाला. पडल्यावरही ज्याच्या शहराने त्याला सोडलं नाही असा क्लब.

आता ऐझॉल विजेता झाला त्याच 2016-17 च्या मोसमाचा तळ. मुंबई एफसी शेवटचा आला आणि रेलिगेट झाला. ज्या प्रशिक्षकाने सात वर्षं वर ठेवलं तो दुसऱ्या टोकाला चषक उचलत होता, याने मुंबईकरांना किती लागलं ते मी सांगत नाही. पण खाली गेल्याचं एवढं दुःख नव्हतं. मी खरंच ठरवलं होतं, सेकंड डिव्हिजनचे सामने बघायला जायचं, जिथे असतील तिथे. कूपरेजवर भेटणारे आम्ही काहीजण तसं एकमेकांना म्हणालोही होतो. क्लब बंद झाला. आणि डीएसके शिवाजियन्स, ज्याला खाली जाण्यापासून संरक्षण होतं, ज्याच्यासाठी ऐझॉलची जागा घेतली गेली होती, तोही 2017 मध्येच मैदानातून नाहीसा झाला. दोन मोसम. ज्याला पडूच द्यायचं नाही असं कागदावर लिहिलं होतं तो राहिला नाही. ज्याला पाडलं तो मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं आय-लीग खेळत राहिला.

शिलाँगचा रॉयल वाहिंगदोह मी अजून सांगितलाच नाही. 2014-15 ला तो अव्वल लीगमध्ये नवा होता आणि पहिल्याच मोसमात थेट तिसरा आला. त्यानंतर तो लीगमधून बाहेर पडला. तेव्हा पहिला मोसम चांगला गेला की क्लब टिकतो असंही नाही. मी या सगळ्यांकडे पुन्हा पुन्हा बघते तेव्हा क्रमांकांतून काहीच हाती लागत नाही. फरक पडतो तो हरल्यावर दुसऱ्या शनिवारी कोण येतं याने.

विजेतेपदानंतरही ऐझॉलची झुंज संपली नाही. देशाचा विजेता असूनही पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये आपली जागा कुठे, हे त्यांना विचारत बसावं लागलं, आंदोलनाची भाषा करावी लागली. जमील आणि अल आमना ईस्ट बंगालला गेले. संघ विखुरला. जानेवारी 2018 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब आहनसमोर ऐझॉल 3-1 ने हरला. पण एक गोल तिथे केला, आणि अव्वल लीगमध्ये पाऊल ठेवल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

गोव्याच्या आणि ऐझॉलच्या भांडणाचं पुढे काय झालं? जिना आला, पण उशिरा आणि अर्धा. 2022-23 ची आय-लीग जिंकून पंजाब एफसी इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, गेला, मैदानावर कमावलेली अशी ती पहिली बढती. पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग, कोलकात्याचा शंभर वर्षांहून जुना क्लब. 2024-25 हा त्यांचा आयएसएलमधला पहिला मोसम, आणि ते तळाला राहिले. खाली मात्र गेले नाहीत, कारण आयएसएलमध्ये खाली जाण्याची सोयच नव्हती. अनेकांना हे नव्या संघाच्या भल्याचं वाटतं. मला नाही वाटत. मार्चमध्ये तळाच्या दोन संघांचा सामना असतो तेव्हा मैदानावर जी धग असते, ती मग कुठून येणार? आणि वरच्या लीगमध्ये कुणी पडणारच नसेल, तर खालून चढणाऱ्यांसाठी जागा दर वर्षी कोण रिकामी करणार?

2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. प्रत्येक बातमीत ऐझॉलचं विजेतेपद होतं, ते असायलाच हवं. मुंबईच्या सात वर्षांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत. बाबांनी बातमी वाचून विचारलं, 'हा आपला महिंद्राचाच ना?' मी हो म्हटलं. मग त्यांनी त्या मिझो मुलीच्या भावाबद्दल विचारलं, मी कधीतरी त्यांना सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. तिचा नंबर मी घेतला नव्हता. ऐझॉलचा सामना लागला की आम्ही दोघंही अजून बघतो, संघ कितव्याही क्रमांकावर असो.